सापाचं हृदय, एक सुई आणि परळचे डॉ. सेन

ऑपरेशन रोबोटनं करू, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो सिनेमातला लोखंडी माणूस. तो आपल्या वडिलांच्या पोटात हात घालणार, ही कल्पना काही पचत नाही. प्रत्यक्षात रोबोट स्वतःच्या मनानं काहीच करत नाही. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर एका कन्सोलवर बसतो, पडद्यावर आतलं मोठं करून दाखवलेलं चित्र बघतो आणि हातापायांनी यंत्र चालवतो. रुग्णाच्या अंगावरच्या आठेक मिलिमीटरच्या छिद्रांतून आत गेलेली अवजारं सर्जनच्या बोटांप्रमाणे वळतात. जखम छोटी राहते, रक्त कमी जातं आणि बऱ्याच ऑपरेशनांत माणूस लवकर घरी जातो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरची अशी ऑपरेशन्स आता नियमित होतात.

टाटापासून चालत दोन मिनिटांवर केईएम आहे. जवळपास साठ वर्षांपूर्वी या केईएममध्ये एक सर्जन हृदयाच्या स्नायूला सुईनं बारीक भोकं पाडून बघत होता. ही कल्पना त्याला सापामुळे सुचली होती. त्याच्या टीममध्ये तेहमतन उडवाडिया नावाचा एक तरुण पारशी डॉक्टर होता. पुढे भारतात दुर्बिणीची, म्हणजे लॅपरोस्कोपीची शस्त्रक्रिया रुजवली ती या उडवाडियांनीच. त्यांच्या त्या गुरूचं नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन. लोक त्यांना पी. के. सेन म्हणूनच ओळखायचे.

सेन यांचं नाव आज निघतं ते बहुतेक वेळा सामान्यज्ञानाच्या प्रश्नात. भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण कोणी केलं? पी. के. सेन, १९६८, केईएम. उत्तर बरोबर आहे, पण त्या एका रात्रीमागे वीस वर्षांचं काम आहे, आणि ते काम त्या रात्रीपेक्षा मोठं आहे.

सेन यांचा जन्म १९१५ सालचा, कोलकात्याचा. डॉक्टर झाले ते मुंबईत, सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम म्हणजे त्या काळातलं एक बंडच होतं. सरकारी वैद्यकीय कॉलेजांत वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवल्यासारख्या असत. या कॉलेजासाठी देणगी देताना मात्र अट घातली गेली की इथे शिकवणारे सगळे भारतीयच असतील. १९२५ मध्ये कॉलेज सुरू झालं, १९२६ मध्ये रुग्णालय. आपल्या माणसांनी, पालिकेच्या पैशांनी, गिरणगावाच्या मधोमध चालवलेलं हे रुग्णालय. जे गोऱ्यांना जमतं ते आपल्यालाही जमलं पाहिजे, ही ईर्षा त्याच्या पायातच होती. सेन त्याच ईर्षेत वाढले.

ओपीडीत यायचे गिरणी कामगार, त्यांच्या चाळीतली बायकामुलं, कोकणातून आणि घाटावरून एसटीनं आलेले शेतकरी. यातल्या कित्येकांना एक आजार असायचा, ज्याची सुरुवात साध्या घसादुखीनं होते. लहानपणी घशाचा संसर्ग होतो, उपचार होत नाहीत, मग संधिवाताचा ताप येतो. तो उतरतो, पण जाताना हृदयाची झडप खराब करून जातो. विशीत-पंचविशीत जिना चढताना धाप लागते. बाई असेल तर बाळंतपणात जीवावर बेतू शकतं. दाटीवाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या गरिबांचा हा आजार. त्यामुळे हृदयाची सर्जरी ही केईएमसाठी श्रीमंतांची चैन कधीच नव्हती.

१९४९ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप घेऊन सेन अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. परत आले तेव्हा हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची सर्जरी करायचीच, हे पक्कं होतं. १९५० च्या दशकात केईएममध्ये आवळलेल्या झडपा मोकळ्या करण्याची ऑपरेशन्स सुरू झाली.

त्या काळी हे ऑपरेशन जगभर कसं व्हायचं ते समजून घेण्यासारखं आहे. हृदय थांबवायची सोय नव्हती. छाती उघडायची, धडधडत्या हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला बटव्याच्या नाडीसारखा टाका घालायचा, तिथे छेद द्यायचा आणि आपलं बोट थेट आत सरकवायचं. टाका बोटाभोवती आवळलेला, म्हणून रक्त बाहेर उसळत नाही. आत काहीच दिसत नाही. चिकटलेली झडप बोटाच्या टोकाला जाणवते, ती हलकेच दाबून मोकळी करायची. जास्त जोर लागला तर झडप फाटते. सगळा खेळ स्पर्शाचा.

रोबोटच्या बाबतीत गंमत अशी की तिथे नेमकं उलट झालं. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये आलाँ कार्पांतिए यांनी रोबोटच्या मदतीनं हृदयाची झडप दुरुस्त केली. तेव्हापासून सर्जनला आतलं दिसतं मात्र लख्ख, अगदी खोलीसकट. पण कित्येक वर्षं या यंत्रांत स्पर्शच कळत नसे. धागा किती ताणला गेलाय हे सर्जनला नजरेनंच ओळखावं लागे. अगदी अलीकडच्या यंत्रांत तो स्पर्श थोडाफार परत आणला गेलाय. सेन यांच्या पिढीच्या सर्जनांनी हे ऐकलं असतं तर हसले असते.

बोटानं सगळंच होत नाही. हृदयाच्या पडद्यातलं भोक शिवायचं असेल तर हृदय उघडून, कोरडं करून बघावं लागतं. त्यासाठी हवं हार्ट-लंग मशीन. शरीरातलं रक्त बाहेर काढायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा आणि पंपानं परत आत सोडायचं, म्हणजे तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसं सुट्टीवर. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास हे तंत्र बसलं आणि दोनेक वर्षांत यंत्रं विकतही मिळू लागली. मुंबईत मात्र ती आणणं सोपं नव्हतं. परकीय चलनाची टंचाई होती, आयातीवर निर्बंध होते. शहरातलेच दुसरे सर्जन डॉ. केर्सी दस्तूर यांनी खटपट करून स्वतःचं यंत्र स्वतःच बनवलं. सेन यांनी दुसरी वाट धरली. परदेशातल्या ओळखी आणि रॉकफेलरची मदत वापरून त्यांनी यंत्रसामग्री मिळवली, माणसं शिकवून तयार केली. १९६२ च्या उन्हाळ्यात दोघांचीही यंत्रं चालू लागली, दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत.

यंत्र विकत मिळतं, ते चालवणारे हात विकत मिळत नाहीत. पंप सांभाळणारा, भूल देणारा, रक्तातल्या वायूंची तपासणी करणारा, रात्रभर रुग्णाच्या उशाशी बसणारी नर्स, यातला एक जरी कच्चा निघाला तरी रुग्ण जातो. सेन यांनी ही साखळी तयार केली ती कुत्र्यांवर प्रयोग करून. केईएमच्या प्रयोगशाळेत आधी प्राण्यांवर ऑपरेशन, मग पुन्हा ऑपरेशन, मग चुका शोधणं. आजच्या वाचकाला ते वाचून कसंसंच होईल, आणि होणं स्वाभाविक आहे. पण त्या काळी नव्या ऑपरेशनची चूक आधी माणसावर होऊ नये यासाठी दुसरा मार्ग नव्हता. रोबोटवर हात बसवणारा आजचा सर्जन ते तासन्‌तास सिम्युलेटरवर करतो.

आता सापाकडे येऊ.

माणसाच्या हृदयात रक्त भरलेलं असतं, तरी हृदयाच्या स्नायूला ते रक्त थेट वापरता येत नाही. त्याला बाहेरून येणाऱ्या बारीक वाहिन्यांतूनच, म्हणजे कोरोनरी धमन्यांतून, रक्त मिळतं. विहिरीच्या काठावर बसून टँकरची वाट बघावी तसा प्रकार. या धमन्या तुंबल्या की हार्ट अटॅक. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं हृदय वेगळं असतं. त्याचा स्नायू स्पंजसारखा असतो आणि कप्प्यातलं रक्त त्याच्यात थेट मुरतं. सेन यांना वाटलं, माणसाच्या हृदयालाही ही सोय करून दिली तर? सुईनं स्नायूला आरपार बारीक भोकं पाडायची. बाहेरचं टोक रक्त गोठून बंद होईल, आतून मात्र रक्त स्नायूत झिरपत राहील.

कुत्र्यांवरच्या प्रयोगांचा हा शोधनिबंध १९६५ मध्ये अमेरिकेतल्या छातीच्या शस्त्रक्रियेच्या नामांकित जर्नलमध्ये छापून आला. लेखकांत सेन यांच्यासोबत उडवाडिया होते, जी. बी. पारुळकर होते. पद्धतीला नाव दिलं ट्रान्समायोकार्डियल अ‍ॅक्युपंक्चर. चिनी अ‍ॅक्युपंक्चरशी तिचा संबंध सुईपुरताच. बायपास सर्जरी अजून रुळलेली नव्हती, अँजिओप्लास्टी तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे काय झालं? बायपास आली आणि सुई मागे पडली. पण कल्पना मेली नाही. अमेरिकेत सुईच्या जागी लेझर आलं आणि ज्यांची बायपास होऊ शकत नाही अशा रुग्णांसाठी १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं या लेझर उपचाराला मान्यता दिली. काही सर्जनांनी मग छाती न उघडता, छोट्या छिद्रांतून आणि रोबोटच्या मदतीनं ही भोकं पाडून पाहिली. परळची सुई अशी फिरत फिरत रोबोटच्या हातात पोहोचली. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. भोकं फार काळ उघडी राहत नाहीत, बहुतेक बुजतात, असं नंतर दिसून आलं. काही रुग्णांचं छातीत दुखणं कमी झालं, पण ते नेमकं कशामुळे यावर डॉक्टरांचं एकमत नाही. म्हणजे सापाचा तर्क जसाच्या तसा खरा ठरला नाही. तरीही आपल्या मुंबईत बसून कोणीतरी जगाला नवा प्रश्न विचारला होता, आणि जग तीस-चाळीस वर्षं त्यावर काम करत राहिलं.

याच काळात सेन आणि त्यांचे सहकारी आणखी एका आजाराच्या मागे होते. तरुण मुली यायच्या, मनगटाला नाडीच लागायची नाही आणि रक्तदाब मात्र कुठेतरी भयंकर वाढलेला. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या आतून अरुंद होण्याचा हा आजार. सेन यांच्या गटानं एकशे एक रुग्णांचा बारकाईनं अभ्यास करून १९७३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. या कामाची बातमी कधी पहिल्या पानावर आली नाही. ज्या मुलींच्या आजाराला धड नाव नव्हतं त्यांच्या दृष्टीनं मात्र ते फार मोलाचं होतं.

आणि मग १९६८.

३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं आणि जग थक्क झालं. केईएममध्ये त्याआधीच कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचे प्रयोग चालू होते. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, दोन्हीकडच्या सर्जनांशी सेन यांचा संपर्क होता. त्यांची टीम तयार होती, वाट होती ती योग्य रुग्ण आणि योग्य दात्याची. फेब्रुवारी १९६८ च्या मध्यावर दोन्ही जुळून आलं. हृदय निकामी झालेला सत्तावीस वर्षांचा एक शेतकरी वॉर्डात होता. लोकलमधून पडून डोक्याला जबर मार लागलेली विशीतली एक तरुणी वाचणार नव्हती. तिचं हृदय त्या शेतकऱ्याला बसवण्यात आलं. जगातलं हे सहावं हृदय प्रत्यारोपण, आणि ते करणारे सेन हे चौथे सर्जन. बर्नार्ड, कँट्रोविट्झ, शमवे आणि परळचे सेन.

शेतकरी सुमारे तीन तास जगला.

त्याच वर्षी सेन यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं. तो रुग्णही दिवस पुरा करू शकला नाही. त्यानंतर सेन थांबले.

ही घाई होती का? प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही इतिहासकार विचारतात. ज्या रुग्णालयात एका खाटेवर दोन रुग्ण आणि खाली जमिनीवर तिसरा, तिथे इतकं महागडं आणि धोक्याचं ऑपरेशन कशासाठी? दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. मेंदू संपलाय पण हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत म्हणायचं का? मेंदूमृत्यूची व्याख्या मांडणारा हार्वर्डचा अहवाल आला ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे सेन यांच्या पहिल्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी. भारतात कायदा व्हायला १९९४ उजाडलं. सेन यांना त्या रात्री कायद्याचा आधार नव्हता, आणि त्या मुलीच्या घरच्यांनाही नव्हता.

दुसरी बाजूही आहे. १९६८ या एका वर्षात जगभरात शंभराच्या आसपास हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण थोड्याच काळात गेले. नवं हृदय शरीर परकं म्हणून नाकारतं, आणि ते आवरणारं चांगलं औषध हाती यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. अनेक नावाजलेल्या केंद्रांनी काही वर्षांत हे ऑपरेशनच बंद केलं. नेट धरून राहिले ते स्टॅनफर्डचे शमवे. त्यामुळे हे अपयश एकट्या परळचं नव्हतं. शिवाय आज प्रत्यारोपणाआधी फुप्फुसांच्या वाहिन्यांतला दाब मोजल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तो फार असेल तर निरोगी, नवं हृदयही त्यापुढे दमतं. असे नियम आभाळातून पडत नाहीत. सुरुवातीच्या रुग्णांच्या जिवावर जग ते शिकलं, आणि त्यांतला एक आपल्याकडचा शेतकरी होता. सेन यांच्या धाडसाचं कौतुक करताना हिशेबाची ही बाजू लिहायची राहून जाते.

१९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळालं. ते चित्रंही काढत. १९८२ मध्ये ते गेले. भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण त्यांना बघायला मिळालं नाही. ते झालं ऑगस्ट १९९४ मध्ये, दिल्लीच्या एम्समध्ये, डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या हातून. कायदा झाल्यावर लगेचच.

सेन यांच्या हाताखालून गेलेले उडवाडिया मात्र वेगळ्याच दिशेला वळले. १९७२ पासून ते पोटात दुर्बीण घालून निदान करू लागले. मोठे सर्जन मोठा छेद देतात, अशी समजूत असलेल्या त्या काळात हे अनेकांना पोरखेळ वाटायचं. १९९० मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं ऑपरेशन. लॅपरोस्कोपी गरिबासाठी आहे, कारण ज्याचं हातावर पोट आहे त्याला लवकर कामावर परतायचं असतं, हा त्यांचा आग्रह होता. परळच्या पालिका रुग्णालयात शिकलेल्या सर्जनला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजची रोबोटिक सर्जरी या दुर्बिणीच्या सर्जरीवरच उभी आहे. छिद्रं तीच, कॅमेरा तोच, फक्त अवजारांना मनगट आलं आणि सर्जनला बसायला खुर्ची मिळाली.

रोबोटचा सल्ला मिळालेल्या आजच्या रुग्णानं मग विचारावं काय? सेन यांच्या आयुष्याकडे बघितलं तर प्रश्न आपोआप सुचतात. या सर्जननं हे नेमकं ऑपरेशन रोबोटवर किती वेळा केलंय? मध्येच रक्तस्राव झाला तर छेद देऊन उघडं ऑपरेशन करायची तयारी आहे का? माझ्या आजारात रोबोटचा फायदा साध्या दुर्बिणीपेक्षा खरंच जास्त आहे का? कारण प्रत्येक ऑपरेशनमध्ये तो असतोच असं नाही, आणि बिल मात्र वाढतंच.

केईएममध्ये १९६८ नंतर हृदय प्रत्यारोपण बंद राहिलं ते जवळपास छप्पन्न वर्षं. २०२४ मध्ये तिथे पुन्हा एका रुग्णाला हृदय बसवलं गेलं. या वेळी कायदा होता, औषधं होती आणि दात्याच्या घरच्यांच्या संमतीची ठरलेली पद्धतही होती.